'बाय' की 'टिल'? सप्लायरला तारीख विचारताना एवढं बघाच

सणाची ऑर्डर द्यायचे दिवस जवळ आले की सप्लायरशी इंग्लिशमधून मेसेज सुरू होतात. तिरुपूरचा होजियरीवाला मराठी बोलणार नाही, आपल्याला तमिळ येत नाही. मग इंग्लिशच. आणि तिथे सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. त्यांनी सप्लायरला लिहिलं, "टिल व्हेन यू विल सेंड?" उत्तर आलं, "टिल ट्वेंटिएथ." ताई समजल्या, वीस तारखेपर्यंत माल निघणार. समोरच्याचं म्हणणं होतं, वीस तारखेपर्यंत आमचं डिस्पॅच चालू आहे, तुम्ही ऑर्डर पक्की करा! दोघंही आपापल्या जागी निवांत, आणि माल तिकडेच.

गंमत अशी की आपल्या मराठीत 'पर्यंत' हा एकच शब्द दोन कामं करतो. "माल शुक्रवारपर्यंत पाठवा" आणि "दुकान शुक्रवारपर्यंत बंद आहे." पहिल्या वाक्यात काम एकदाच व्हायचंय, शुक्रवार ही शेवटची मुदत. दुसऱ्यात एक गोष्ट शुक्रवारपर्यंत चालूच राहणार आहे. इंग्लिशमध्ये पहिल्यासाठी 'बाय' आणि दुसऱ्यासाठी 'टिल' किंवा 'अनटिल'.

ओळखायचं कसं? 'पर्यंत' काढा आणि 'च्या आत' लावून बघा. "दहा तारखेच्या आत पाठवा" जमतं, म्हणजे 'बाय'. "ऑफर दहा तारखेच्या आत चालू आहे" कानाला खटकतं, म्हणजे 'टिल'. मग प्रश्न असे होतात: "बाय व्हेन विल यू डिस्पॅच द गुड्स?" आणि "टिल व्हेन इज धिस रेट व्हॅलिड?" पैशाचंही तेच, "बाय व्हेन डू यू नीड द पेमेंट?" आता 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून की सोडून, यावर वाद नको असेल तर सरळ 'ऑन ऑर बिफोर 10 ऑक्टोबर' लिहा. बिलावर, करारावर तर हेच लिहा.

दुसरी जागा 'दोन दिवसांत'. "आय विल कॉल यू इन टू डेज" म्हणजे साधारण दोन दिवसांनी फोन येईल. तुम्हाला उद्या आला तरी चालेल, फक्त दोन दिवसांच्या वर जायला नको, असं म्हणायचं असेल तर 'विदिन टू डेज'. उधारी वसूल करताना हा फरक पैशाचा आहे, बरं का!

'पासून'चंही असंच. "सिन्स हाऊ मेनी इयर्स आर यू इन धिस बिझनेस?" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण प्रश्न "हाऊ लाँग हॅव यू बीन इन धिस बिझनेस?" असाच विचारायचा. उत्तरात सुरुवातीचं साल सांगायचं तर 'सिन्स 2015', किती वर्षं ते सांगायचं तर 'फॉर टेन इयर्स'.

बाकी घड्याळाला 'ॲट', वार-तारखेला 'ऑन', महिना-सालाला 'इन', हे शाळेत झालंय. फक्त 'नेक्स्ट मंडे'च्या आधी 'ऑन' नको.

आणि दुबईला माल पाठवणाऱ्यांनो, तिथला ग्राहक 'बाय फाइव्ह पीएम' म्हणाला तर त्याचे पाच म्हणजे आपले साडेसहा. "फाइव्ह पीएम युवर टाइम?" एवढं विचारून घ्या.

आजच पाठवायचा असेल तर मेसेज हा घ्या, तारीख तेवढी बदला: "प्लीज कन्फर्म बाय टुमॉरो, फाइव्ह पीएम. वी नीड द गुड्स ॲट अवर शॉप ऑन ऑर बिफोर 10 ऑक्टोबर. बाय व्हेन विल यू डिस्पॅच?"