उलट्या बाजूचा इतिहास

लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनची बोधचिन्हे असलेले जुने पॅच, म्हणजे वैमानिकांच्या जाकिटावर किंवा उड्डाणपोशाखावर शिवले जाणारे कापडी वा चामडी बिल्ले, जमवण्याचा छंद वरवर पाहता टपाल तिकिटे किंवा नाणी जमवण्यासारखाच वाटतो. परंतु तिकीट छापखान्यातून आणि नाणे टाकसाळीतून एकसारख्या असंख्य प्रतींत बाहेर पडते व त्याची नोंद सरकारदप्तरी राहते. पॅच मात्र पुष्कळदा विमानतळाच्या फाटकाबाहेरच्या शिंप्याकडून, भरतकाम करणाऱ्याकडून किंवा चामड्याच्या कारागिराकडून तुकडीने स्वखर्चाने करवून घेतलेला असतो, आणि तो कोणी, केव्हा, किती संख्येने केला याचा कागद सहसा कोठेही सापडत नाही. म्हणून संग्राहकाला जे विचारायचे ते वस्तूलाच विचारावे लागते, आणि जाणता संग्राहक पॅच हाती आल्यावर आधी तो पालथा करून पाहतो, कारण चित्र कोणालाही नव्याने काढता येते, पण मागचे टाके, अस्तर आणि काठ ज्या काळाचे असतात त्या काळाविषयी सहजासहजी खोटे बोलत नाहीत.

स्क्वाड्रन ही हवाई दलाची मूळ लढाऊ तुकडी असून तिच्याकडे साधारणपणे १२ ते २४ विमाने असतात, आणि तिच्यातील माणसे एकत्र राहतात, उडतात व अनेकदा एकत्र मरतात, त्यामुळे तिची ओळख सैनिकाच्या मनात कुळाच्या ओळखीइतकी खोल रुजलेली असते. ही ओळख चित्ररूपाने प्रथम पहिल्या महायुद्धात विमानांच्या अंगावर उमटली. फ्रान्सच्या बाजूने लढण्यासाठी १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या लाफायेत एस्काद्रीय या तुकडीने विमानांवर सेमिनोल जमातीच्या मूळनिवासी योद्ध्याचे मस्तक रंगवले होते. ते सॅव्हेज या शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या काडतुसांच्या खोक्यावरच्या चित्रावरून घेतलेले होते, आणि पुढे ते पुरेसे उग्र वाटेना म्हणून त्याच्या जागी सू जमातीच्या योद्ध्याचे मस्तक आले. अमेरिकेच्या ९४ व्या स्क्वाड्रनने वर्तुळातून आरपार जाणारी अंकल सॅमची उंच टोपी घेतली, कारण इंग्रजी बोलीत रिंगणात टोपी टाकणे म्हणजे आव्हान स्वीकारणे, आणि अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती. २६ विजय नावावर असलेले एडी रिकनबॅकर याच तुकडीचे.

विमानावरचे हे चित्र माणसाच्या छातीवर आले ते मुख्यतः चामडी जाकिटामुळे. अमेरिकी सेनेने १९३१ मध्ये ए-२ नावाचे जाकीट वैमानिकांसाठी प्रमाणित केले आणि त्याच्या डाव्या छातीवर तुकडीचे चिन्ह लावण्याची चाल पडली. ते कधी चामड्याच्या गोल तुकड्यावर हाताने रंगवलेले असे, कधी जाड बनातीवर भरलेले, तर कधी शेनील पद्धतीचे, म्हणजे लोकरी दोऱ्याचे उभे फासे घालून टॉवेलसारखा उठाव आणलेले असे. दुसऱ्या महायुद्धात तुकड्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि चिन्हांची मागणी थेट वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओपर्यंत पोहोचली. तेथे हँक पोर्टर यांच्या नेतृत्वाखाली चित्रकारांच्या छोट्या गटाने सुमारे १,२०० चिन्हे एक पैसाही न घेता काढून दिली. या चित्रांत सर्वाधिक मागणी डोनाल्ड डकला होती, आणि ती साहजिकच होती, कारण मिकीचा स्वभाव युद्धाला फार सौम्य, तर डोनाल्ड सदाच संतापलेला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत मोलाचे प्रकरण चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचे आहे. जपानने ब्रह्मदेश जिंकून चीनकडे जाणारा जमिनीचा मार्ग तोडल्यावर १९४२ पासून आसाममधील चाबुआ, दिंजान यांसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व रांगा ओलांडून चीनमधील कुनमिंगला विमानाने माल नेला जाऊ लागला. वैमानिकांनी या पर्वतरांगांना हंप, म्हणजे उंटाची मदार, असे नाव दिले होते, आणि युद्ध संपेपर्यंत या मार्गाने सुमारे ६.५ लाख टन माल गेला, त्यासाठी शेकडो विमाने आणि त्यांतील माणसे खर्ची पडली. या आघाडीचे चिन्ह ढालीच्या आकाराचे होते: वरच्या निळ्या पट्ट्यात एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भारताचा तारा, खाली अमेरिकी ध्वजातले तांबडे-पांढरे उभे पट्टे. अमेरिकेतून पॅच येण्याची वाट पाहण्यापेक्षा येथील बाजारातून ते करवून घेणे सोपे होते, कारण राजेरजवाड्यांच्या झुली, अंगरखे आणि पलटणींचे बिल्ले जर-कलाबुतीने भरणारे कारागीर या देशात पिढ्यान्‌पिढ्या होते.

असा भारतात घडलेला पॅच जवळून पाहण्यासारखा असतो. जरीचा दोरा हा खरे तर दोरा नसून बारीक तारेची गुंडाळी असते; ती हव्या त्या लांबीला कापून, मण्यासारखी सुईत ओवून टाचली जाते, त्यामुळे ताऱ्याचा प्रत्येक किरण कापडापासून किंचित वर उचललेला दिसतो आणि बोट फिरवले तर खरखरीत लागतो. ऐंशी वर्षांत ही तार काळवंडून तिच्यावर तपकिरी छटा चढते. पालथा केला की मागे पुष्कळदा खळीने चिकटवलेला कागद किंवा पातळ कापड आढळते, आणि ते फाटले असेल तर आतले टाके दिसतात: आडवेतिडवे, घाईचे, पण घट्ट. चामडी पॅचमध्ये पद्धत वेगळी असे. सूर्य, तारा आणि पट्टे वेगवेगळ्या रंगांच्या कातड्यांतून कापून एकावर एक शिवले जात. सूर्याच्या बारा किरणांची टोके कातरीने कापलेली असल्यामुळे एकसारखी कधीच नसतात, आणि तज्ज्ञ संग्राहक नेमक्या याच असमानतेवर विश्वास ठेवतो. ज्या कारागिरांनी हे काम केले त्यांतील बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, ही या संग्रहातली मोठी आणि भरून न निघणारी उणीव आहे.

याच आघाडीवरचा एक भाऊबंद पॅच म्हणजे ब्लड चिट. त्यातील चिट हा शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच इंग्रजीत गेलेला आहे. क्लेअर शेनॉल्ट यांच्या फ्लाइंग टायगर्स या स्वयंसेवक दलाचे वैमानिक रेशमी कापडावर छापलेला चीनचा ध्वज आणि त्याखाली चिनी लिपीतला मजकूर जाकिटाच्या पाठीवर शिवत. हा परदेशी माणूस चीनच्या मदतीला आलेला आहे, सैनिकांनी आणि नागरिकांनी त्याचे रक्षण करावे, असा त्या मजकुराचा आशय होता, आणि विमान पडल्यावर शेतकऱ्याने तो वाचला तर वैमानिक जगण्याची शक्यता वाढत असे. शत्रूच्याही नजरेत तो भरतो हे लक्षात आल्यावर काहींनी तो जाकिटाच्या आत अस्तराला लावला. छातीवरचा पॅच अभिमानासाठी असतो. हा मात्र जिवासाठी होता, म्हणून संग्राहक त्याला वेगळ्याच आदराने हाताळतात.

चित्रावरून काळ ठरवणे किती फसवे असते, हे अमेरिकी नौदलाच्या जॉली रॉजर्स या परंपरेवरून उत्तम कळते. कवटी आणि तिच्याखाली आडवी-तिडवी हाडे हे चाच्यांच्या निशाणावरचे चित्र १९४३ मध्ये व्हीएफ-१७ या स्क्वाड्रनने आपल्या कोर्सेअर विमानांवर घेतले. युद्धानंतर तेच चित्र व्हीएफ-६१ कडे राहिले, ती तुकडी १९५९ मध्ये बरखास्त झाल्यावर व्हीएफ-८४ कडे आणि १९९५ मध्ये तिचाही शेवट झाल्यावर व्हीएफ-१०३ कडे गेले. कवटी तीच, परंतु तिच्या आसपासचा आकडा, दोऱ्याचा प्रकार आणि काठ बदलत गेलेले आहेत. चित्राच्या मागे दडलेली हकीकत कधी कधी शब्दांतही असते: ग्रेगरी बॉयिंग्टन यांच्या व्हीएमएफ-२१४ या तुकडीने स्वतःसाठी आधी जे नाव निवडले ते वर्तमानपत्रांत छापण्याजोगे नव्हते, म्हणून तिने ब्लॅक शीप, म्हणजे कळपातली काळी मेंढी, हे नाव घेतले आणि ढालीवर तिरपी काळी पट्टी ओढली, जी युरोपीय कुलचिन्हशास्त्रात अनौरसपणाची खूण समजली जाते. नाव बदलले, पण मूळ अर्थ त्या पट्टीत शाबूत राहिला.

आता मागच्या बाजूचे वाचन. पहिली खूण काठाची. साधारण १९६० च्या दशकापूर्वीचे यंत्रावर भरलेले अमेरिकी पॅच कातरीने कापलेल्या काठाचे असतात, म्हणजे भरतकाम संपते तेथे कापड नुसते कापलेले असते. त्यानंतर मेरो कंपनीच्या यंत्राने घातलेला जाड, गोलसर, गोटासारखा काठ रूढ झाला. आपल्याकडच्या शिंप्यांच्या ओव्हरलॉकचाच हा भाऊ असून त्याच्या शेवटी दोऱ्याची एक लहान शेपटी उरते, जी मागे दुमडून चिकटवलेली असते. दुसऱ्या महायुद्धाचा म्हणून विकला जाणारा पॅच पालथा केल्यावर ही शेपटी दिसली, तर बहुधा पुढचे बोलणेच संपते. दुसरी खूण दोऱ्याची: जुने पॅच सुती किंवा रेयॉनच्या दोऱ्यांनी भरलेले असत, पॉलिएस्टर नंतर आले, आणि सुटलेला एखादा तंतू जाळून पाहिला तर सुताची राख होते, पॉलिएस्टरचा मात्र वितळून कडक मणी होतो. तिसरी खूण अतिनील प्रकाशाची. युद्धानंतरच्या काळात कापड आणि साबण यांत चकाकी आणणारी रसायने सर्रास वापरात आली, जी अंधारात अतिनील दिव्याखाली निळसर उजळतात. जुना पॅच सहसा मंद राहतो. येथे घाई करू नये, कारण खरा जुना पॅचसुद्धा एखाद्या गृहिणीने नव्या डिटर्जंटने धुतला असेल तर उजळतो. एका खुणेवर निकाल देणारा संग्राहक एक दिवस फसतो. अगदी एकसारखे, संगणकाने मोजून घातलेले टाके आणि मागे इस्त्रीने चिकटणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा दिसला, तर मात्र शंकेला जागा उरत नाही.

व्हिएतनाम युद्धातील पॅच हे या छंदाचे सर्वांत रंगीत आणि सर्वांत धोक्याचे क्षेत्र. थायलंडमधील ताखली, कोरात, उबोन या तळांवरून उत्तर व्हिएतनामवर जाणाऱ्या वैमानिकांना एका काळात १०० मोहिमा पूर्ण केल्यावर घरी परतता येई, आणि शंभराव्या मोहिमेचा पॅच हे जिवंत राहिल्याचे प्रमाणपत्र होते. तळाबाहेरचे थाई शिंपी पायाने चालवायच्या यंत्राखाली कापड हाताने फिरवून हे पॅच भरत. सुईची दिशा हातावर अवलंबून असल्यामुळे एकाच दुकानातले, एकाच दिवशीचे दोन पॅचसुद्धा तंतोतंत सारखे नसत. हेच शिंपी वैमानिकांसाठी समारंभाचे भडक रंगांचे उड्डाणपोशाख शिवून देत आणि ते पॅचनी मढवत. फँटम विमानाची खूण बनलेले टोपी घातलेले भूत मॅकडोनेल कंपनीतील चित्रकार अँथनी वाँग यांनी काढलेले होते, आणि प्रत्येक तुकडीने त्याला आपापला वेष दिला. या पॅचची मागणी वाढल्यावर त्याच पद्धतीने, त्याच प्रकारच्या यंत्रांवर नवे पॅच होऊ लागले, म्हणून येथे टाक्यांइतकेच महत्त्व मूळ मालकाच्या कागदपत्रांना आणि छायाचित्रांना आहे.

भारतात हा छंद अजून लहान आहे, परंतु त्याची सामग्री डोळ्यांदेखत इतिहासजमा होत आहे. गोव्याच्या आयएनएस हंस तळावरील नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या व्हाइट टायगर्स स्क्वाड्रनची सी हॅरियर विमाने २०१६ मध्ये निवृत्त झाली. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्याशी ज्यांचे दीर्घ नाते होते ती मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप घेऊन गेली. ज्या तुकड्यांचे पॅच काल शिंप्याकडे सहज मिळत ते पुन्हा त्याच हेतूने केले जाणार नाहीत. ते मिळवताना एक मर्यादा पाळावी लागते: आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा या हेतूने सैनिकी वेष किंवा खूण अंगावर घालणे हा कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा पॅचची जागा चौकटीत किंवा पेटीत, बाहीवर नव्हे.

पेटीचाही विचार लागतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बनातीला बुरशी आणि कसर लागते, जर काळी पडते, चामड्यावरचा रंग खपलीने सुटतो. म्हणून आम्लविरहित कागद, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि थेट उन्हापासून दूर जागा हे किमान आवश्यक आहे. छायाचित्रांच्या अल्बममधली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाने टाळावीत, कारण त्यांतून सुटणारी द्रव्ये कापडाला चिकटतात. पॅच धुऊ नये, त्याला इस्त्री करू नये, आणि मागचा जुना डिंक खरवडून काढू नये, कारण पुष्कळदा तोच पुरावा असतो.

सर्वांत वाईट प्रथा म्हणजे जाकिटावरचे पॅच उसवून वेगळे विकणे. जाकीट एका बाजारात, पॅच दुसऱ्या बाजारात, वैमानिकाची उड्डाणवही तिसऱ्या बाजारात गेली की त्या माणसाचे आयुष्य पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य होते. तरीही चामडे काही विसरत नाही. जेथे पॅच होता तेथे ऊन पोहोचलेले नसते, म्हणून ते वर्तुळ आसपासच्या फिकट कातड्यापेक्षा गडद राहते आणि त्याच्या कडेने सुईची छिद्रे ओळीने दिसतात. एखाद्या सुट्या पॅचच्या काठाची छिद्रे त्या ओळीवर ठेवून, भिंगाखाली एकेक मोजत, पॅच अंशाअंशाने फिरवत जुळवून पाहिली जातात. आणि क्वचित सगळी छिद्रे एकावर एक बसतात.