मुठीत 50 ग्रॅम

मी जालन्याच्या मोंढ्यात मापाडी आहे. 26 वर्षं लोकांचा माल मापतोय. तूर, हरभरा आणि हल्ली जास्त करून सोयाबीन. माझं स्वतःचं वजन 88 किलो झालंय हे मात्र डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं तेव्हा कळलं. उंची पाच फूट सात इंच.

आपल्याकडे पोट सुटलं की गल्लीतला जो तो सल्ला देतो. निम्मे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव घेतात: दोनदाच जेवा, 55 मिनिटांत उरका. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. माझ्या साडूचं वेगळंच. भाकरी बंद कर, तूप-शेंगदाणे हवे तेवढे हाण. मला अर्थात हेच पटलं.

रोजच्या चार भाकऱ्या सोडल्या. तीन आठवड्यांत चार किलो उतरले. पेढे वाटायचेच राहिले होते. त्यातलं बरंचसं नुसतं पाणी होतं, हे मागाहून समजलं. शरीर साखरेचा जो साठा करतं, त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकरी-भात तुटला की साठा सरतो आणि पाणीही जातं. पुढचे दोन महिने काटा जागचा हलला नाही.

एका दुपारी मोंढा थंड होता. खिशातले शेंगदाणे नमुन्याच्या लहान काट्यावर ओतले. माझी एक मूठ भरली 50 ग्रॅम. अशा दिवसाला तीन. म्हणजे 850 च्या आसपास कॅलरी. ज्वारीच्या चार भाकऱ्यांतही साधारण तेवढ्याच. एका दाराने पोती उतरवली आणि दुसऱ्या दाराने चढवली! वरचं तूप तर हिशेबातच नव्हतं.

शेंगदाण्याला लोक प्रथिनांचा म्हणतात. पण 100 ग्रॅम दाण्यांत प्रथिनं 25 आणि चरबी त्याच्या जवळजवळ दुप्पट. प्रथिनांच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी, चरबीच्या ग्रॅममध्ये नऊ. शिवाय प्रथिनं पचवायलाच त्यांच्यातली 20 ते 30 टक्के ऊर्जा खर्च होते, चरबीला जेमतेम दोन-तीन टक्के. वजन उतरताना स्नायू झिजू नयेत, पोट भरल्यासारखं वाटावं, हे काम प्रथिनांचं. म्हणून त्यांचा कोटा आधी ठरवायचा: जेवढं वजन असायला हवं, त्याच्या दर किलोमागे सुमारे 1.2 ग्रॅम. माझं 70 धरलं तर 84 ग्रॅम. भाकरीला वरची मर्यादा घालायची. तेल-तूप मात्र कमी-जास्त करायचं. पोटावरची चरबी जळावी असं वाटत असेल तर ताटातली ओतत राहून कसं चालेल? अगदी बंदही करू नये. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीशिवाय अंगी लागत नाहीत.

गंमत बघा. माझ्या काट्यावरून जाणाऱ्या एका क्विंटल सोयाबीनमध्ये 36 ते 40 किलो प्रथिनं असतात, तेल 20 किलोच्या आत-बाहेर. कारखान्यात तेल निघतं, ते आपल्या कढईत येतं. प्रथिनांनी भरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपण त्याच कोंबडीच्या रश्श्यावरची तर्री आधी ओढतो.

डाळीचंही तसंच. बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे नामी वाण दिले, पण वाटीभर पातळ वरणात डाळ असते 20-25 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं पाचेक ग्रॅम आणि पिष्ट त्याच्या अडीचपट.

आता माझा दिवस असा: सकाळी तीन अंडी, म्हणजे 18 ग्रॅम. दुपारी एक भाकरी, 40 ग्रॅम सोया वड्यांची भाजी, मेथी किंवा चुका, वाटीभर दही. हे 33 च्या घरात. रात्री कोंबडीचे पाच-सहा तुकडे, रस्सा बेतानं. श्रावणात त्या जागी पनीर, पण पनीरमध्ये प्रथिनांइतकीच, कधी जास्तही चरबी असते, म्हणून त्या दिवशी फोडणी अर्धी. दाणे 25 ग्रॅम, मोजून. आमच्या शेजारच्यांनी माझं बघून भाकरी सोडली. त्यांना साखरेच्या गोळ्या चालू. दोन दिवसांत घाम फुटून चक्कर आली. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, मापाड्याला नव्हे.

सात महिन्यांत 79 वर आलोय. रोज दुपारी दाणे काट्यावर टाकले की हमाल विचारतात, "मापाडी, आज आवक किती?"