हेड उतरवण्याआधी

सकाळी थंड इंजिनाला सेल मारला की गाडी दोन-तीन आचके देऊन कशीबशी सुरू होते. सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघतो. नुसती उभी ठेवली तरी बॉडी थडथडते, आणि सायलेन्सरच्या आवाजात ठरावीक अंतराने एक ‘फस्स’ ऐकू येते. संगमनेरहून टोमॅटोचे क्रेट भरून चंदनापुरी घाट चढताना ओढ कमी पडते आणि एरवी तिसऱ्या गिअरवर निघणारी गाडी दुसऱ्यावर आणावी लागते. ‘मिसिंग मारतेय,’ असे म्हणत चालक गॅरेज गाठतो.

डिझेल पिकअपच्या बाबतीत अशा वेळी पहिला संशय जातो तो इंजेक्टरवर. इंजेक्टर काढून पंपवाल्याकडे जातात, सर्व्हिस होऊन परत बसतात, आणि फस्स तशीच राहते. मग दुसरे टोक गाठले जाते: ‘इंजिनच खोलू.’ दोन्ही निर्णय घाईचे. अनेकदा दोष एका सिलिंडरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये असतो, आणि हेडचा एकही बोल्ट सैल न करता तो ओळखता येतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. आत घेतलेली हवा पिस्टन साधारण सोळा ते वीस पट दाबतो. त्या दाबाने ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९० च्या दशकात उभे केलेले हे तत्त्व आजच्या पिकअपमध्येही तेच आहे. म्हणून सिलिंडरमधून जरा जरी हवा निसटली तरी तापमान कमी भरते आणि थंड इंजिनात डिझेल न जळताच बाहेर पडते. तोच तो पांढरा धूर. इंजिन गरम झाले की हेच सिलिंडर बऱ्यापैकी पेट घेऊ लागते. ‘दुपारी गाडी ठीक चालते’ या वाक्यावर भिस्त ठेवून महिनोन् महिने काढले जातात ते यामुळेच.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे काम कष्टाचे आहे. इंजिन मिनिटाला २४०० फेरे मारत असेल तर हा व्हॉल्व्ह सेकंदाला वीस वेळा उघडतो आणि मिटतो. भरलेली गाडी चढावर असताना त्याच्या बाजूने ६०० ते ७०० अंश सेल्सिअसचा वायू जातो. इनलेट व्हॉल्व्हला निदान ताज्या हवेचा गारवा मिळतो, याला तोही नाही. त्याची बहुतेक उष्णता, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. त्यामुळेच एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी सुमारे २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असलेले पोलाद सर्रास वापरतात. पण पोलाद कितीही चांगले असले, तरी व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नसेल तर उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही. त्या फटीतून जळता वायू सुटत राहतो आणि कड एका जागी जळत जाते. असा व्हॉल्व्ह हातात घेतला तर चकतीच्या कडेला पाचरीच्या आकाराची खाच दिसते आणि तिच्याभोवतीचा धातू पांढुरका, कोरडा झालेला असतो.

फट पडते कशामुळे? कधी कार्बनचा कण सीटवर अडकतो, कधी गाईड झिजून व्हॉल्व्ह तिरका बसतो, कधी स्टेमवर कार्बन चढून तो वेळेवर मिटत नाही. पण मालकाने सर्वाधिक जागरूक राहावे असे कारण म्हणजे टॅपेटची सेटिंग. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांएवढे अंतर ठेवलेले असते. वर्षानुवर्षे टेकून टेकून व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो, स्टेम वर सरकते आणि हे अंतर घटते. ढिला टॅपेट टिकटिक करून स्वतःची तक्रार सांगतो. घट्ट झालेला मात्र गप्प असतो, इंजिनाचा आवाज उलट मऊ वाटतो, आणि आत व्हॉल्व्ह पुरता न मिटता भाजत राहतो. म्हणून तपासणीची सुरुवात फिलर गेजने व्हावी. इंजिन थंड की गरम असताना अंतर मोजायचे आणि ते किती हवे, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अंतर मुळीच नसेल तर ते लावून गाडी पुन्हा पाहावी. कड जळलेली नसेल तर काम तिथेच संपते. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनांत अशी सेटिंग नसते, तिथे पुढच्या पायरीवर जावे.

पुढची पायरी म्हणजे दोष कोणत्या सिलिंडरचा हे ठरवणे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, ते सिलिंडर मुळातच काम करत नव्हते. कॉमन रेल गाडीवर हा प्रयोग कदापि करू नये. त्या पाइपमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. तिथे स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर बंद करून पाहता येतो.

मग कॉम्प्रेशन. हीटर प्लग काढून त्या जागी गेज बसवतात, डिझेल बंद करून, चांगल्या चार्ज बॅटरीवर सेल मारतात. पेट्रोल गाडीचा गेज इथे अपुरा पडतो. धडधाकट डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार दाब मिळतो, पण त्याहून महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. समजा, तीन सिलिंडर २७ बार, म्हणजे सुमारे ३९० पीएसआय दाखवतात आणि चौथे १६ वरच अडकते, तर गुन्हेगार सापडला. शेजारशेजारची दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर आधी हेड गॅसकेटकडे पाहावे.

सिलिंडर कळले, तरी हवा कुठून निसटते हे कळायचे राहते. त्यासाठीची चाचणी सर्वांत बोलकी आहे, आणि तिला लागणारा कॉम्प्रेसर टायर पंक्चरच्या कोणत्याही दुकानात असतो. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत. चाकांना उटी लावून गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवायची, क्रँक पुलीवरचा पाना काढून घ्यायचा, कारण हवेच्या जोराने क्रँक फिरली तर तोच पाना हात मोडू शकतो. मग हीटर प्लगच्या भोकातून सहा-सात बारची हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर फिल्टरकडून सूं आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह. ऑइल टाकायच्या तोंडातून आला तर रिंगा. मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा तडकलेले हेड. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, शंकेला जागा नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. ईजीआर व्हॉल्व्ह हा निराळा भाग आहे. तो जळलेल्या वायूचा काही हिस्सा पुन्हा इंजिनात सोडतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या पिकअपमध्ये त्याच्याभोवतीची यंत्रणा आणखी गुंतागुंतीची झाली आहे. काजळीने तो उघडाच अडकला तर ओढ कमी होते आणि धूर काळा येतो. पण त्याचा त्रास साऱ्या सिलिंडरांना सारखा होतो आणि कॉम्प्रेशन शाबूत असते. स्कॅनरवर पी०४०१ किंवा पी०४०२ असे कोड दिसतात. नुसते ‘एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गेला’ म्हणून भलताच भाग बदलला जाणे मालकाला महागात पडते.

दोष पक्का झाल्यावर हेड उतरवणे अटळच. नवा व्हॉल्व्ह, गाईडची तपासणी, सीटचे कटिंग, मग पेस्ट लावून हाताने घासणे. सीटवर सर्वत्र सारख्या रुंदीचे करडे कडे उमटले की पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून ठेवतात. थेंबही झिरपू नये. पण तो व्हॉल्व्ह का जळला, याचे उत्तर मिळेपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये. थेंब गाळणारा इंजेक्टर, चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज किंवा रोजचा ओव्हरलोड एक्झॉस्टचे तापमान चढवत असेल, तर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल.

हेड परत बसले की चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन पुन्हा मोजून घ्यावे आणि ते आकडे तारीख, किलोमीटर यांसह गाडीच्या सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी दुसऱ्या गावच्या गॅरेजमध्ये जायची पाळी आली, तरी मिस्त्रीला तुलनेसाठी आधीचे आकडे हाताशी मिळतील.