पावसाळ्यात गाडीचा ब्रेक का चिकटतो?

बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून आठ-दहा दिवस उभी राहिली, की निघताना मागचं चाक हलतच नाही. दमट हवेने ड्रमला गंज चढतो आणि ब्रेकशू त्याला चिकटतात. अशा वेळी इंजिन रेटू नका. हँडब्रेक दोन-चार वेळा ओढून सोडा, गाडी हळूच पुढे-मागे करा. 'टक्' आवाज आला की बहुतेक सुटलं.

चालत्या गाडीत ब्रेक धरून राहतो ते जास्त धोक्याचं. गाडी एका बाजूला ओढते, जळका वास येतो. थांबल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघा (लावू नका हं, चटका बसेल!). एकच चाक जास्त तापलेलं असेल तर दोष तिथेच. घर्षण शिकवताना आपण मुलांना तळहात चोळायला लावतो ना, तेच हे. ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचून ते उकळलं, तर पेडल थेट खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. मुलं गाडीत असताना हे नकोच.

मेकॅनिक चाक जॅकवर उचलून कॅलिपरचा निपल सैल करतो. थोडं ऑइल येऊन चाक मोकळं झालं, तर दाब अडकलाय. बऱ्याचदा रबरी नळी आतून फुगलेली असते. तरीही घट्टच असेल, तर पिस्टन किंवा पिना जाम आहेत. नुसते पॅड बदलून भागत नाही.

गावाला जाताना गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकांना विटा लावा आणि हँडब्रेक खालीच असू द्या.