मान मोडून

“अहो, माझ्याशी बोलताना मान तरी वर करा!”

चाळीस वर्षांच्या संसारात सौभाग्यवतींच्या तोंडून हे वाक्य मी प्रथम ऐकले ते गेल्या वर्षी. काही अपराध घडला की माणूस मान खाली घालतो. माझा अपराध एवढाच, की मी मोबाइलवर कादंबरी लिहीत होतो. कागद नको, शाई नको. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या, उशीला टेकून, हनुवटी छातीला लावून प्रकरणामागून प्रकरण लिहून होत होते.

मान मोडून काम करायची सवय मला जुनीच. १९८५च्या सुमारास बँकेत लागलो तेव्हा जाडजूड लेजरे हाताने लिहावी लागत. सहामाहीच्या ताळेबंदात दहा पैशांचा फरक निघाला, की तो सापडेपर्यंत रात्री-अपरात्रीपर्यंत मान वर होत नसे. पण त्या मानेला मधूनमधून सुटी होती. काउंटरवर कोणी शेतकरी आला, की त्याच्याकडे पाहावेच लागे. मोबाइल मात्र एकदाही ‘साहेब, वर बघा’ म्हणत नाही.

आणि एका पहाटे उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी बधिर झाली. मानेतून खांद्यात, खांद्यातून दंडात कळ उतरत होती. लिहिणाऱ्या माणसाचा उजवा हात! सोयगावहून संभाजीनगरपर्यंतच्या प्रवासात मी सौभाग्यवतींशी एक शब्द बोललो नाही. मनात एकच विचार, कादंबरी अर्धीच राहणार की काय? तत्पूर्वी केस कापणाऱ्याकडून मान ‘कडकन मोडून’ घेण्याचा माझा विचार होता, हे ऐकून डॉक्टर खुर्चीतच सरसावून बसले. अशा हिसक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघातही होऊ शकतो, असे त्यांनी बजावले. माझ्या हातातली ताकद त्यांनी तपासली. ती शाबूत होती. मानेच्या मणक्यांतून निघणारी एक नस दबली होती. शस्त्रक्रिया नको, सहा आठवडे व्यायाम करा, म्हणाले.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. तिला मी कुठेतरी वाचलेले ऐकवले: डोक्याचे वजन साधारण पाच किलो, पण मान ६० अंश वाकवली, की मणक्यांवर सुमारे २७ किलोंचा भार येतो. केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या शल्यविशारदांनी २०१४ साली मांडलेला हा हिशोब. ती हसली. “काका, तो संगणकावरच्या नमुन्याचा हिशोब आहे. २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या १५० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात वाकलेली मान आणि मानदुखी यांचा संबंध सापडला नाही. मान वाकण्यासाठीच असते. तासन् तास एकाच जागी अडकवून ठेवली, की ती कुरकुरते.”

माझ्यातल्या बँकवाल्याला लगेच उमगले. कर्ज वाईट नसते, थकबाकी वाईट!

वाचकहो, तिने शिकवलेला पाठ तुमच्यासाठी उतरवून देतो. पहिला व्यायाम हनुवटीचा. ताठ बसावे, नजर समोर ठेवावी आणि हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्यावी. पाच सेकंद थांबून सोडावी. असे दहा वेळा. दुसरा, खांद्याची पाती पाठीमागे एकमेकींजवळ आणून पाच सेकंद धरणे. हाही दहा वेळा. तिसरा, उजवा कान उजव्या खांद्याकडे हळूच झुकवून वीस-तीस सेकंद थांबणे, मग डावीकडे. खांदा मात्र उचलायचा नाही. चौथ्यात तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हलकेच रेटायचे, हाताने अडवायचे. डोके जागचे हलता कामा नये. तसेच मागून आणि दोन्ही बाजूंनी. पाचवा, दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे टाकणे, म्हणजे छातीचे आखडलेले स्नायू मोकळे होतात. हिसका कुठेच नको. चक्कर आली किंवा कळ हातात उतरली, की थांबावे.

आणि हातापायांतली ताकद कमी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, दुखण्यासोबत ताप आला किंवा अपघातानंतर मान दुखू लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

ही आवर्ती ठेव आहे. रोज थोडे भरायचे. एकदम भरून चालत नाही. पहिले दहा दिवस काहीच फरक पडला नाही, तेव्हा मी सोडूनच देणार होतो. सौभाग्यवती रोज सकाळी समोर बसून आकडे मोजत, म्हणून टिकलो.

दिवाळीत नातवाला घेऊन अजिंठ्याला गेलो. लेणी आमच्याच तालुक्यातली. पहिल्या लेण्यात पद्मपाणी उभा आहे. हातात कमळ, मान किंचित कललेली, नजर खाली. त्याच्यासमोरची माणसे मात्र आपापल्या मोबाइलमध्ये माना घालून, फोटो नीट आला की नाही ते पाहत होती. त्याचीही मान खाली, आमचीही. पण त्याच्याकडे पाहताना कोणासाठी तरी मान झुकली आहे असे वाटते. नातवाने मोबाइल खिशात ठेवला आणि बराच वेळ वर पाहत राहिला. मी काही बोललो नाही.

परत आल्यावर त्यानेच मला बोलून मजकूर उतरवायची युक्ती शिकवली. अंगठ्यातल्या मुंग्या पुष्कळ कमी झाल्या आहेत. पूर्ण गेल्या असे म्हणणार नाही. आता मी ओसरीवर येरझाऱ्या घालत कादंबरी सांगतो, मोबाइल ती लिहून घेतो.

परवा स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, नवरा गेल्यावर बाई असं बोलत नसते.”

मी मान वर करून तिच्याकडे पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. ते पान मी पुन्हा सांगितले.