झोका तिच्याही हक्काचा



पंचमी आली की गावात चिंचेला, लिंबाला झोके बांधले जातात. आपण पोरी-बाया मिळून झोके घेतो, फुगड्या घालतो. आमच्या गटातल्या एका ताईची दहा वर्षांची लेक मात्र दरवर्षी ओट्यावर बसून बघायची. तिला कंबर सावरत नाही, दोर घट्ट धरता येत नाही. लेक ओट्यावर, म्हणून तिची आईही ओट्यावरच. एका पंचमीला ती पोरगी म्हणाली, "मला पण." तेवढंच. पण आम्हा सगळ्याजणींचा झोका तिथंच थांबला.

पोरीला पेन्शन मिळावी, चाकाची खुर्ची मिळावी म्हणून आम्ही धावपळ केली होती. तिला खेळायलाही मिळावं, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. खेळ म्हणजे चैन, असंच आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये करमणूक आणि खेळ यांसाठी वेगळी कलमं आहेत, 29 आणि 30. दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा म्हणून खेळाच्या जागा आणि सोयी त्यांना जमतील अशा करायच्या, हे सरकारचं काम आहे, असं त्यात सांगितलंय.

आता अशी साधनं म्हणजे काय? फार अवघड काही नाही. पाठीला उंच टेका आणि छातीला, कमरेला पट्टा असलेला झोका. आत छर्रे घातलेला चेंडू. तो खुळखुळतो, म्हणून न दिसणाऱ्या मुलांना क्रिकेट खेळता येतं. न दिसणाऱ्यांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळी घरं थोडी उचललेली असतात, सोंगट्या खाचेत रोवायच्या असतात आणि काळ्या सोंगटीच्या डोक्यावर टोक असतं. हातानं चाचपून डाव कळतो. आपल्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकतात. 2024 साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा झेंडा धरून त्या पुढं होत्या. बसून गोळा फेकायचा तर जमिनीला घट्ट बांधलेली खास खुर्ची लागते. गुण अंगात असतो, पण तो बाहेर यायला साधन लागतं.

मग पैसा कुठला? तो गावातच आहे. घरपट्टी आणि इतर करांतून ग्रामपंचायतीला जे स्वतःचं उत्पन्न मिळतं, त्यातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी हे प्रमाण 3 टक्के होतं, 2018 मध्ये ते 5 टक्के झालं. हिशोब सोपा आहे. समजा पंचायतीचं उत्पन्न 4 लाख रुपये आहे, तर 20 हजार रुपये या कामाचे. हा निधी एकेकाला मदत म्हणून देता येतो, तसा सगळ्यांच्या उपयोगाच्या सोयीसाठीही वापरता येतो.

आमच्याकडं काय व्हायचं? मार्च आला की घाईघाईनं सगळ्यांना सारखीच वस्तू वाटायची आणि फोटो काढायचा. कुणाला काय हवं, हे कुणी विचारायचं नाही. आम्हीही कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा आम्ही काय केलं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं, गावातल्या सगळ्या दिव्यांगांची यादी केली, लहान मुलांसकट. ज्यांच्याकडं यूडीआयडी कार्ड नव्हतं, त्यांचे अर्ज भरले.

दुसरं, ग्रामसेवकांना विचारलं, की यंदा 5 टक्क्यांचे किती रुपये होतात आणि मागच्या वर्षी ते कशावर गेले. तोंडी उत्तर मिळेना, तेव्हा 10 रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

तिसरं, महिला सभा. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. तिथं आम्ही ठराव घेतला आणि मग तो ग्रामसभेत मांडला. "मदत द्या" असं मोघम लिहिलं नाही. "अंगणवाडीच्या अंगणात पट्ट्याचा झोका आणि फाटकापासून तिथंवर चाकाची खुर्ची जाईल अशी सपाट वाट" असं लिहिलं. सोबत वेल्डिंगवाल्या दादांचं दरपत्रक जोडलं.

पहिल्या वर्षी ठराव वहीतच राहिला. "चार पोरांसाठी एवढा खर्च?" असंही ऐकावं लागलं. आम्ही म्हटलं, पैसा त्या चार पोरांच्याच नावाचा आहे. दुसऱ्या वर्षी मार्चची वाट न बघता आधीपासूनच पाठपुरावा केला, आणि झोका बसला. त्याचे नट आणि पट्टे दर महिन्याला तपासायचं काम आमच्या गटानं घेतलंय. साधन आणलं आणि गंजलं, असं होऊ द्यायचं नाही.

यंदाच्या पंचमीला ती पोरगी झोक्यावर होती आणि झोका द्यायला पोरींची रांग लागली होती. तिची आई? ती मोकळ्या हातांनी फुगडी घालत होती, कितीतरी वर्षांनी.

तुमच्याही गावात ओट्यावर बसून बघणारं कुणीतरी असेल. पुढच्या महिला सभेला जाण्याआधी त्यांच्याकडं जा आणि एवढंच विचारा, "तुला काय खेळायला आवडेल?" ठरावाची पहिली ओळ तिथंच मिळेल.