पेढीवरचे संगणक: आधी मोजा, मग सॉफ्टवेअर घ्या

पिंपळगाव बसवंतात कांद्याची ट्रॉली काट्यावर चढल्याशिवाय हिशेब होत नाही. पेढीवरचे संगणक मात्र कोण मोजतो? एक गोदामात, एक मुनीमजींपुढे, जुना लॅपटॉप घरी.

मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ला आठवा. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेल्या असंख्य संगणकांतील फायली कुलूपबंद झाल्या आणि खंडणी मागितली गेली. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कोणत्या यंत्रावर काय आहे हेच ठाऊक नसेल, तर धोका दिसणार कसा?

नोंद आणि राखण ही दोन वेगळी कामे आहेत. 'स्नाइप-आयटी' ही मुक्त प्रणाली यंत्र कोणाकडे आहे, हमी कधी संपते हे सांगते. दुरुस्त्या बसवत नाही. त्यासाठी झोहोच्या 'एंडपॉइंट सेंट्रल'सारखी प्रणाली लागते. ती २५ यंत्रांपर्यंत मोफत मिळते. पाच-सहा संगणकांच्या पेढीला नोंदीसाठी, आमच्या मते, साधी वहीही पुरे. पैसा बॅकअपवर खर्चावा.

चाचणी आधी दोनच यंत्रांवर घ्या, तीही टॅली चालू असताना. दुरुस्तीनंतर संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची वेळ लिलावानंतरची ठेवता येते का, हे विक्रेत्याला जरूर विचारा.